यादीआधी पेट्या: ॲलन ॲडम्स यांची क्वांटम मेकॅनिक्सवरील व्याख्याने

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी क्वांटम मेकॅनिक्सची, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या भौतिकशास्त्राची, गृहीतके मी फळ्यावरून वहीत आणि वहीतून उत्तरपत्रिकेत जशीच्या तशी उतरवली होती. कणाची अवस्था तरंगफल नावाच्या गणिती फलनाने दाखवायची, मोजता येणाऱ्या प्रत्येक राशीला एक हर्मिशियन ऑपरेटर (एक प्रकारची गणिती क्रिया) नेमायचा आणि मोजमापात त्या ऑपरेटरच्या आयगेनमूल्यांपैकीच, म्हणजे त्याच्या ठरावीक मूल्यांपैकीच, एखादे हाती येते असे मानायचे, एवढे पाठ होते. पण असे का मानायचे, हे विचारण्याचे धाडस वर्गात कोणी केले नाही. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या ओपनकोर्सवेअर या संकेतस्थळावर मोफत उपलब्ध असलेल्या, २०१३ साली चित्रित झालेल्या ॲलन ॲडम्स यांच्या ८.०४ या अभ्यासक्रमाची सुरुवात नेमकी या प्रश्नाला भिडते.

पहिल्या व्याख्यानात ॲडम्स एकही गृहीतक सांगत नाहीत. ते दोन पेट्या कल्पितात: एक इलेक्ट्रॉनचा ‘रंग’ काळा की पांढरा हे सांगते, दुसरी तो ‘कठीण’ की ‘मऊ’ हे सांगते. (हे गुण म्हणजे स्पिन या इलेक्ट्रॉनच्या अंगभूत गुणधर्माचे दोन घटकच आहेत.) पांढरे इलेक्ट्रॉन कठीणपणाच्या पेटीत सोडले, तर निम्मे कठीण आणि निम्मे मऊ निघतात, त्यांतले नुसते कठीण पुन्हा रंगाच्या पेटीत घातले, तर निम्मे चक्क काळे होऊन बाहेर येतात. मात्र कठीण आणि मऊ हे दोन्ही मार्ग आरशांनी वळवून एकत्र आणले आणि मग रंग तपासला, तर सगळेच्या सगळे पांढरे! एका मार्गात अडसर ठेवताच पोहोचणारे इलेक्ट्रॉन निम्म्यावर येतात, हे अपेक्षितच; पण त्यांतले निम्मे पुन्हा काळे असतात. इलेक्ट्रॉन या मार्गाने गेला, त्या मार्गाने गेला, दोन्हींनी गेला किंवा कुठूनच गेला नाही, यांतले एकही उत्तर टिकत नाही असे दिसल्यावरच ‘सुपरपोझिशन’ (अनेक शक्यतांची मिळून एक अवस्था) हा शब्द फळ्यावर येतो, आणि तोवर आपल्यालाही त्याची गरज पटलेली असते.

पुढे तरंगफल, कण कुठे सापडेल याची त्याच्या वर्गावरून काढायची संभाव्यता, ऑपरेटर आणि अवस्था काळानुसार कशी बदलते हे सांगणारे श्रोडिंगर समीकरण ओघाने येतात. संभाव्यतेचा हा नियम भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न यांनी १९२६ मध्ये मांडला, तेव्हा त्यातला ‘वर्ग’ त्यांनी मुद्रितशोधनाच्या वेळी तळटीपेत घातला होता. पुढे १९५४ चे नोबेल त्यांना मुख्यतः तरंगफलाच्या याच सांख्यिकी अर्थासाठी मिळाले. माझ्या वहीत तो नियम क्रमांक चारवर निमूट बसला होता.

श्रोडिंगर समीकरणाप्रमाणे अवस्था सलग आणि निश्चित रीतीने बदलते, तर मोजमाप होताच ती एकाएकी आणि यदृच्छेने कोसळते. ही दोन गृहीतके एकाच यादीत सुखाने नांदत नाहीत. त्यांचा हा बेबनाव अभ्यासक्रमात मिटत नाही, आणि मला त्यात वावगे वाटले नाही, कारण तो भौतिकशास्त्रातही अजून मिटलेला नाही.

पेट्यांचे व्याख्यान गणिताशिवाय कोणालाही ऐकता येईल, परंतु त्यापुढे संमिश्र संख्या आणि विकलक समीकरणे हाताखालून गेलेली नसतील, तर तिसऱ्या व्याख्यानापासून दर पाच मिनिटांनी व्हिडिओ थांबवावा लागेल.