‘तहसीलदार’ नव्हे, ‘वहिवाटदार’ म्हणा: ऑनलाइन अभ्यासभांडारांचा आठ महिन्यांचा अनुभव

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी संध्याकाळी अकरावी-बारावीची केमिस्ट्रीची ट्यूशन चालते. गेल्या पावसाळ्यात एका मुलानं गृहपाठाची वही पुढे केली. हायड्रोजन पेरॉक्साइडमधल्या ऑक्सिजनचा ऑक्सिडेशन नंबर त्यानं ठळक अक्षरात ‘−२’ लिहिला होता. म्हटलं, हा कुठून आणलास? तर म्हणे, “टीचर, सर्च केलं, सगळ्यात वर जे आलं ते लिहिलं.” मी त्याच्याच मोबाइलवर पाहिलं. खरंच सगळ्यात वर तेच होतं, तेही ‘तज्ज्ञांनी तपासलेलं उत्तर’ म्हणून. पेरॉक्साइडमध्ये ऑक्सिजन −१ असतो, ही अकरावीतली पहिल्या महिन्यातली गोष्ट. त्यावर कहर म्हणजे पूर्ण उत्तर बघायला त्या साइटनं फोन नंबर मागितला, यानं आईचा दिला, आणि पुढचे पंधरा दिवस त्या माउलीला कोचिंगवाल्यांचे फोन.

त्याच सुमारास माझी भाची एम.ए.च्या लघुप्रबंधाला लागली होती. विषय बडोदे संस्थानातली फिरती ग्रंथालयं. आठवड्यानं ती कंटाळून आली. “आत्या, दहा साइट उघडल्या, दहाही ठिकाणी तेच चार परिच्छेद. कुणी कुणावरून उतरवलेत तेवढं शोधायचं राहिलंय.” तेव्हापासून आम्ही दोघींनी नेहमीचं सर्च बाजूला ठेवून अभ्यासाची भांडारं थेट उघडायला सुरुवात केली. तिचा इतिहास, माझं रसायन. एक सेकंडहँड लॅपटॉप आणि खूपशी चिडचिड.

आधी सगळ्यात महागात पडलेला धडा. ही भांडारं नेहमीच्या सर्चसारखी मनकवडी नाहीत. आपण अर्धवट टाइप करायचं आणि त्यांनी ओळखायचं, असा लाड इथे नाही. भाचीनं इंटरनेट आर्काइव्हवर, म्हणजे जुन्या पुस्तकांची स्कॅनं फुकट ठेवणाऱ्या संग्रहावर, ‘बडोदा तहसीलदार लायब्ररी’ अशी इंग्रजीत जुळवाजुळव करून पाहिली, हाती काही लागलं नाही. मग माझे वडील आरामखुर्चीतून म्हणाले, “अगं, आपल्याकडे तहसीलदार कुठला? तालुक्याला वहिवाटदार आणि प्रांताला सुभा.” तो एक शब्द बदलला आणि संस्थानचे वार्षिक प्रशासन अहवाल एकामागून एक वर आले. तसंच ग्रंथालयांचं. ‘मोबाइल लायब्ररी’ म्हणून शोधलं तर आजच्या गाड्या दिसतात. तेव्हाचे लोक ‘ट्रॅव्हलिंग लायब्ररी’ म्हणत, कारण पुस्तकं लाकडी पेट्यांत भरून गावोगाव जात. ज्या काळातलं हवं त्या काळातला शब्द, ही आमची आठ महिन्यांची कमाई. शब्द सापडेना तर आम्ही मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात शिरतो. त्याची १८५७ ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात फुकट चाळता येते.

आर्काइव्हवर आणखी एक खुबी आहे, ती आम्हाला तिसऱ्या महिन्यात कळली. तिथला शोध मुळात फक्त पुस्तकाचं नाव, लेखक अशा नोंदींत फिरतो. शोधपट्टीजवळचा पर्याय बदलून ‘आतल्या मजकुरात शोधा’ असं करावं लागतं. भारतातल्या जुन्या स्कॅनांच्या नावांची रोमन स्पेलिंगं वाटेल तशी टाकलेली असतात, म्हणून नावानं शोधलं तर हातचं पुस्तक निसटतं. मजकुरात शोधलं की जनार्दन सखाराम कुडाळकरांचं १९१९ सालचं बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवरचं पुस्तक सापडतं आणि त्यातून विल्यम बोर्डनपर्यंत जाता येतं. १९१० साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून बोलावलेले हे ग्रंथपाल. आपलं मांडवीजवळचं सेंट्रल लायब्ररी त्यांनीच उभं केलं. इंग्रजी छापील मजकुरावर हा उपाय झकास चालतो. देवनागरी आणि गुजराती स्कॅनांवर मात्र लंगडतो, कारण जुन्या टायपातली जोडाक्षरं यंत्राला अजून नीट वाचता येत नाहीत. तिथे पानं उलटत बसावं लागतं. आणि आवडलेलं लगेच उतरवून ठेवा. २०२४ च्या ऑक्टोबरात सायबर हल्ला झाला तेव्हा हा संग्रह काही दिवस बंदच होता.

शोधगंगा. हे भांडार इन्फ्लिबनेटचं, विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या गांधीनगरच्या संस्थेचं, म्हणजे आमच्या शेजारचंच, आणि तरी मला पन्नाशीत कळलं! देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध प्रकरणवार पीडीएफमध्ये मिळतात. दर्जा मात्र मिसळीसारखा, खाली काय आहे ते तर्री बाजूला सारल्याशिवाय कळत नाही. काही प्रबंध अप्रतिम, काहींत पहिली दोन प्रकरणं म्हणजे कुणाच्या तरी पुस्तकाची मोकळ्या हातानं केलेली उतरवणी. म्हणून भाची प्रबंध वाचत नाही, आधी शेवटची संदर्भसूची उघडते. कोणत्या दप्तराचा हवाला आहे, कोणत्या सालचा अहवाल आहे ते टिपते आणि मग मूळ कागद शोधायला आर्काइव्हवर जाते. दुसऱ्याच्या पाच वर्षांच्या पायपिटीचा नकाशा फुकट मिळतो म्हणा ना. विकिपीडियाशीही आता आम्ही हेच करतो. लेख वरवर, तळटिपा बारकाईनं.

माझ्या बाजूची गोष्ट थोडक्यात, कारण रसायनात वाद कमी. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सची पाठ्यपुस्तकं आणि लिब्रेटेक्स्ट्स ही दोन इंग्रजी ठिकाणं आता माझ्या रोजच्या वापरातली. पेरॉक्साइडचा नियम तिथे अपवादासकट, कारणासकट दिलेला आहे. कुणी फोन नंबर मागत नाही. एनपीटीईएलची आयआयटीची व्याख्यानं बारावीच्या हुशार मुलाला एखादं दाखवावं, बाकीच्यांना झोप येते.

पण खरा खजिना ठरला फेट. कोलोरॅडो विद्यापीठाची ही छोटी-छोटी परस्परसंवादी चित्रं. नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी २००२ साली हा प्रकल्प सुरू केला. अणू घडवायचा, प्रोटॉन टाकायचे, मूलद्रव्य बदलताना बघायचं, समीकरणाच्या दोन्ही बाजूंचे अणू तराजूत तोलायचे. यांतली बरीचशी मराठीत आणि गुजरातीतही आहेत आणि फाइल उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. माझ्या ट्यूशनमध्ये निम्मी मुलं गुजराती माध्यमातून आलेली. घरात मराठी, शाळेत गुजराती, पुढे पुस्तक इंग्रजी. एका मुलीनं ‘संयोजकता’ म्हटलं, मी ‘संयुजा’ म्हटलं आणि पुस्तकात ‘व्हॅलन्सी’. तिघांचा अर्थ एकच, अणूची दुसऱ्या अणूंशी जोडलं जाण्याची क्षमता, हे समजावण्यात माझी दहा मिनिटं गेली, आणि पडद्यावरचा अणू मात्र कुठल्याही भाषेत तोच! मराठी शब्दाची खात्री करायला मी मराठी विश्वकोश उघडते. १९७६ पासून छापत आलेले त्याचे खंड आता ऑनलाइन आहेत. नोंदी जुन्या असल्या तरी भाषा इतकी नेटकी की मी मुलांना मोठ्यानं वाचायला लावते.

तक्रारींवर यायला हवं. एका मोठ्या सरकारी सूचीत शंभर नोंदी दिसतात, त्यातल्या कित्येकांवर टिचकी मारली की मूळ संस्थेचं पान मेलेलं निघतं. म्हणजे ग्रंथालयाची कार्डं आहेत, फडताळं रिकामी. दुसऱ्या एका ठिकाणी नोंदणीचा ओटीपी दोन दिवस आलाच नाही. मोबाइलवर यातलं जवळजवळ काहीच धड चालत नाही, दोनशे पानांचं स्कॅन बोटांनी ओढताना डोळ्यांत पाणी येतं. आणि वेळ! पूर्वी जे दोन मिनिटांत ‘मिळायचं’ त्याला आता अर्धा तास लागतो. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलाला हा सल्ला देऊ नका, तो तुम्हाला शिव्या देईल.

नेहमीचं सर्च सुटलंय असंही नाही. पण आता ते आम्ही हवं तिथेच खोदायला लावतो. शब्दांपुढे ‘साइट’ लिहून विद्यापीठाचा ‘एसी डॉट इन’ पत्ता किंवा पीडीएफची अट घातली की जाहिराती बऱ्याच गळतात. शोधनिबंध हवा असेल तर जर्मनीतल्या बीलेफेल्ड विद्यापीठाचं ‘बेस’ हे शोधयंत्र किंवा खुल्या नियतकालिकांची डीओएजे यादी. इतिहासापेक्षा विज्ञानात ती दोन्ही जास्त उपयोगी पडली. खर्च विचाराल तर फक्त एक हार्ड डिस्क, सांभाळून ठेवायला.

भाचीचा प्रबंध अजून पूर्ण नाही. एका अहवालाच्या स्कॅनमध्ये फिरत्या पेट्या कोणत्या गावांत जात त्याचा नकाशा आहे, पण स्कॅन करणाऱ्यानं घडी न उलगडताच फोटो काढलाय. वडोदरा प्रांत दिसतो, नवसारी प्रांत घडीच्या आत. आर्काइव्हवर त्याच अहवालाच्या आणखी दोन प्रती पाहिल्या. एकीत नकाशाच नाही, दुसरीत पुन्हा तीच घडी. आता शनिवारी दोघी मांडवीला जातोय, बोर्डनसाहेबांच्या लायब्ररीतच कागदावरची प्रत मागायला. ट्यूशनला सुट्टी दिलीये.