सिबिल साफ करून देतो म्हणणाऱ्याला मी 83,600 रुपये मोजले

आधीच सांगते, मी अडाणी नाही. पुण्यात नाना पेठेत गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या होलसेल दुकानात 14 वर्षं अकाउंट्स बघते. रोज साठ-सत्तर बिलं हातातून जातात. जीएसटी नंबर चुकलेलं बिल मी डिलिव्हरीवाल्याच्या हाती तसंच परत धाडते. दोन सप्लायर तर मला बघितलं की तोंड वाकडं करतात. हे का सांगतेय ते पुढे कळेल, आणि कळल्यावर तुम्ही हसाल. हसा.

नवरा आणि मी 2021 पासून वेगळे राहतो. केस फॅमिली कोर्टात आहे, डिक्री, म्हणजे घटस्फोटाचा हुकूम, अजून नाही. 2018 मध्ये त्याने 4 लाखांचं पर्सनल लोन काढलं, त्यावर को-ॲप्लिकंट, म्हणजे सहकर्जदार म्हणून माझी सही. त्या वेळी कोणती बायको ‘मी सही करणार नाही’ म्हणते? वेगळे झाल्यावर त्याने हप्ते बंद केले आणि वसुलीवाले माझ्या दुकानात, शेठसमोर. बाकी 2,68,000 होती. 2023 मध्ये बँकेने स्वतःहून फोन केला, एकरकमी 1,60,000 भरा, विषय संपवू. आईच्या पाटल्या मोडल्या आणि भरले. पत्र मिळालं. त्या दिवशी मी घरी जाताना पेढे नेले होते.

विषय संपला नव्हता. सिबिल रिपोर्ट म्हणजे आपण कर्जं कशी फेडली त्याचं प्रगतिपुस्तक. त्यात त्या कर्जासमोर ‘सेटल्ड’ असा शेरा आला. पूर्ण फेडलं तर ‘क्लोज्ड’, बँकेला पदरचं सोडावं लागलं तर ‘सेटल्ड’. आणि ‘सेटल्ड’ दिसलं की होम लोनवाला फाईल बाजूला सरकवतो. सेटलमेंटचा फोन करणाऱ्या त्या गोड आवाजाच्या मुलीने हे सांगितलं नव्हतं. तुम्हालाही कोणी सांगणार नाही, म्हणून सांगतेय: ‘सूट देतो’ म्हटलं की आधी विचारा, रिपोर्टमध्ये काय लिहिणार?

धायरीत एक वन बीएचके बघितला होता. रीसेल, 31 लाख, तिसरा मजला. माझ्याकडे वडिलांच्या जमिनीच्या वाट्याचे 11 लाख, म्हणजे 20 लाखांचं कर्ज हवं होतं. 1 लाख टोकन दिलं, 31 जानेवारीच्या आत करार करायचा ठरला. लोन पक्कं नसताना टोकन का दिलं, असं आता सगळे विचारतात. टोकनशिवाय मालक कागदांच्या झेरॉक्स देईनात आणि कागदांशिवाय बँक फाईल हातात घेईना. सांगा मग, आधी काय करायचं?

दोन बँकांत स्वतः गेले. पहिल्या ठिकाणी साहेबांनी स्क्रीनवर बघून “सेटल्ड आहे, होणार नाही” म्हटलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. दुसऱ्या ठिकाणी मॅडम होत्या, वाटलं बाई आहे, समजून घेईल. त्यांचा पहिला प्रश्न, “मिस्टर को-ॲप्लिकंट नाहीत? मग डिक्री आणा.” डिक्री कधी मिळणार ते आमच्या वकीलबाईंनाही माहीत नाही. काय केलं तर होईल, हे दोघांपैकी एकानेही सांगितलं नाही.

आणि मग सिंहगड रोडवरची ती पाटी. कठीण लोन, कमी सिबिल, घटस्फोट केस, आयटीआर (इन्कम टॅक्स रिटर्न) नाही, सगळं होईल.

12 डिसेंबर 2024, मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. माझा उपास. दुकानातून तशीच गेले होते. काचेची केबिन, कोपऱ्यात स्वामींचा फोटो, ताजा हार. आत बसलेल्या लोन सल्लागाराने सगळं ऐकून घेतलं. वेगळी राहते म्हटल्यावर नवऱ्याबद्दल एक शब्द विचारला नाही. एवढंच म्हणाला, “होतं ताई. ह्या खुर्चीत रोज एक तरी अशी केस बसते.” मला दोन महिन्यांत पहिल्यांदा माणसात बसल्यासारखं वाटलं. बाकी पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल, त्यात नवीन काही नाही. पण ती पावती मला सांगायचीच आहे.

फाईल चार्ज 5,000, वर 18 टक्के जीएसटी 900, एकूण 5,900. यूपीआय केला. त्याने पिवळ्या बिलबुकातली पावती फाडून दिली. मी ती सवयीने हातात धरली आणि माझी नजर सवयीने उजव्या कोपऱ्यात गेली. जीएसटी नंबर 15 अक्षरी असतो. महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो, पुढची दहा अक्षरं पॅन, मग तीन. हे मी झोपेतही सांगेन. तो नंबर बघताक्षणी आखूड वाटला. मोजला. चौदा. पुन्हा मोजला. चौदा.

“हा एक आकडा कमी आहे,” मी म्हटलं.

तो हसला. “ताई, तुमची नजर भारी आहे. प्रिंटरवाल्याने एक खाल्ला. नवीन बिलबुक आलं की पावती बदलून देतो.”

आणि मीही हसले! उपाशी पोटी, त्या कौतुकाने फुगून, मी हसले आणि पावती घडी करून पर्समध्ये ठेवली. दुसऱ्या कोणाचं असं बिल आलं असतं तर मी शेठची सही होऊ दिली नसती. जीएसटीच्या वेबसाइटवर नंबर टाकला की धंद्याचं नाव येतं, फुकटात, अर्ध्या मिनिटात. दिवसातून दहा वेळा मी तेच करते. रात्री दोन वाजता जाग येते तेव्हा मला ते 83,600 आठवत नाहीत, तो चौदा आकडी नंबर आठवतो.

नंतरचं पटापट सांगते. 21 डिसेंबरला ‘सिबिल क्लिअर’ करायला 35,000, रोख, कारण “आत आपला माणूस आहे, त्याला यूपीआय चालत नाही”. आत कोणाचाही माणूस नसतो. कर्ज देणाऱ्या बँकेने कळवल्याशिवाय रिपोर्टमधली खरी नोंद कोणी पुसू शकत नाही. आणि नोंद खोटी असेल तर तक्रार फुकट करता येते. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढे दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. रिपोर्टही प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून, म्हणजे सिबिलसारख्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडून, वर्षाला एकदा फुकट मिळतो. हे मला जानेवारीनंतर कळलं.

30 डिसेंबरला ॲफिडेव्हिटचे 2,500. स्टॅम्प पेपर 500 चा. त्यावर टाईप केलं होतं की मी ‘घटस्फोटित’ आहे. मी वाचलं. वाचून सही केली. “फक्त फाईलपुरतं, ताई.” ही सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट. आमच्या वकीलबाईंना नंतर सांगितलं तेव्हा त्या पाच मिनिटं काही बोलल्याच नाहीत, मग इतक्या ओरडल्या की बाहेर बसलेले पक्षकार आत डोकावले. खोटं शपथपत्र हा गुन्हा आहे, आणि तो कागद समोरच्या वकिलाच्या हाती लागला असता तर माझी केसच गेली असती. कोर्टात केस चालू असताना कोणत्याही कागदावर स्वतःची स्थिती लिहायची असेल तर आधी स्वतःच्या वकिलाला फोन.

9 जानेवारीला लीगल आणि टेक्निकल, म्हणजे कागदांची आणि फ्लॅटची तपासणी, म्हणून 11,800. फ्लॅट बघायला कोणीही आलं नाही. मालकांच्या बायकोने मला दोनदा विचारलंही, “अहो, व्हॅल्युएशनवाले कधी येणार?” मी त्यांनाच समजावलं की हल्ली ऑनलाईन होतं.

27 जानेवारीला व्हॉट्सॲपवर सँक्शन लेटर, म्हणजे बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र आलं. 20 लाख, 20 वर्षं, 9 टक्के, हप्ता 17,995. हप्ता मी कॅल्क्युलेटरवर पडताळला, बरोबर निघाला, म्हणून पत्र खरं! तारीख मात्र 26 जानेवारीची. प्रजासत्ताक दिन, त्यात रविवार. तेही दिसलं आणि तेही गिळलं. पाठोपाठ मेसेज: डिसबर्समेंटच्या, म्हणजे कर्जाचे पैसे सुटण्याच्या आधी लोन प्रोटेक्शन इन्शुरन्सचे 28,400. भरले. पैसे गेले ते एका बाईच्या वैयक्तिक खात्यात, विमा कंपनीच्या नाही.

29 तारखेला पत्र घेऊन, त्यावर नाव होतं त्या बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलाने दहा सेकंद बघितलं आणि म्हणाला, “हे आमचं नाही.” इतक्या शांतपणे म्हणाला की त्याला याची सवय असावी. सवय आहे तर बाहेर एक कागद चिकटवा ना! तिथून रिक्षाने केबिनला गेले. कुलूप. स्वामींचा फोटो काचेतून दिसत होता, हार वाळलेला.

5,900 अधिक 35,000 अधिक 2,500 अधिक 11,800 अधिक 28,400. एकूण 83,600. करार हुकला म्हणून टोकन गेलं. मालक निवृत्त मास्तर, त्यांनी बोलावून 50,000 परत दिले. म्हणजे माझं एकूण नुकसान 1,33,600.

आता चौकी. पहिल्या दिवशी ठाणे अंमलदार म्हणाले, हा पैशाचा व्यवहार आहे, दिवाणी आहे, कोर्टात जा. दुसऱ्या दिवशी दुसरे होते. त्यांनी विचारलं, “मिस्टर कुठायत? त्यांना घेऊन या.” मी 42 वर्षांची, माझे पैसे, माझी तक्रार, आणि ज्या माणसाच्या कर्जामुळे हे सगळं झालं त्याला घेऊन येऊ? तिसऱ्या वेळी म्हणाले, यूपीआय आहे म्हणजे सायबर. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन केला, तिथली मुलगी बोलायला चांगली होती, पण “तुम्ही समोरासमोर भेटून दिलेत, रोखही आहे, स्थानिक पोलिसांकडे जा”. परत चौकी. त्या दिवशी बंदोबस्त. पुढच्या वेळी एका शिपायाने माझ्याकडे बघत दुसऱ्याला म्हटलं, “शिकलेल्या बायकाच जास्त फसतात.” मला ऐकू जावं म्हणूनच म्हटलं. अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का मिळवायला मला 50 मिनिटं बाकावर बसावं लागलं. शिक्का ही भीक आहे का?

बँकांविरुद्धच्या तक्रारी घेतात तिथेही लिहिलं. उत्तर आलं, तुमची तक्रार बँकेविरुद्ध नाही, बंद. बरोबरच आहे म्हणे, लोकपाल योजना बँका आणि एनबीएफसींसाठी, म्हणजे बँक नसलेल्या फायनान्स कंपन्यांसाठी आहे, रस्त्यावरचा सल्लागार तिच्यात बसत नाही. मग तो कशात बसतो? पाटी लावायला परवानगी लागते, वडापावची गाडी लावायला लागते, लोकांची आयुष्यभराची पुंजी हाताळायला काही लागत नाही.

शेवटी वकीलबाईंनी सांगितलं तसा लेखी अर्ज वरिष्ठांना स्पीड पोस्टाने पाठवला. पोलीस ठाण्याने एफआयआर घेतला नाही तर नव्या कायद्यात, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये, तशी सोय आहे. फसवणुकीचं कलमही आता 420 नाही, न्याय संहितेचं 318 आहे. चौकीत 420 म्हटलंत तर तेवढ्यावरूनही तुम्हाला उडवतील. ग्राहक आयोगातही अर्ज टाकलाय, 5 लाखांपर्यंत फी नाही. यूपीआयचे स्क्रीनशॉट, त्याचे मेसेज, पावती, काहीही डिलीट करू नका. रागाच्या भरात मी त्याचा नंबर ब्लॉक करून चॅट पुसणार होते, शेठनी हात धरला.

त्याच आठवड्यात दुकानात एक जुने गिऱ्हाईक आले, बँकेतून निवृत्त. चहा पिताना शेठनी माझी कथा सांगितली. ते म्हणाले, “एवढंच होतं? सेटलमेंटमध्ये सुटलेली रक्कम त्याच बँकेत भरायची, नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला घ्यायचा आणि नोंद ‘क्लोज्ड’ करायला लेखी अर्ज द्यायचा. बहुतेक बँका करतात.” मी विचारलं, किती? त्यांनी माझ्याकडूनच वजाबाकी करून घेतली. 2,68,000 वजा 1,60,000. 1,08,000.

मी उठून गोडाऊनमध्ये गेले आणि क्लचप्लेटच्या खोक्यांमागे रडले.

वर त्या सल्लागाराने नऊ दिवसांत पाच ठिकाणी माझ्या नावाने कर्जाचे अर्ज टाकले होते. ओटीपी मीच दिले होते. प्रत्येक चौकशी रिपोर्टमध्ये उमटते. स्कोअर 671 होता, 638 झाला.

हे सगळं लिहायचं नव्हतं. पण आमच्या बिल्डिंगमध्ये एक काकू आहेत, काका गेल्यापासून पोळीभाजी केंद्र चालवतात. आयटीआर नाही, म्हणून गाळ्यासाठी लोन मिळत नव्हतं. डिसेंबरात जिन्यात भेटल्या तेव्हा मीच त्यांना त्या सल्लागाराचं कार्ड दिलं होतं. “माणूस चांगला आहे, काकू,” असं म्हणून. फेब्रुवारीत त्यांच्याकडे गेले. त्यांनी पोळपाट बाजूला केलं, हात पुसले आणि डब्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली पिवळी पावती काढली. 5,900. मुलाला सांगितलेलं नाही म्हणाल्या. मी त्यांच्यासमोर कोपऱ्यातला नंबर बोट ठेवून मोजला.

चौदा.