आखडलेला खांदा, ३४ वेळा सुया आणि शांघायचा हिवाळा

गेल्या ऑक्टोबरपासून या मेपर्यंत मी उजव्या खांद्यासाठी ३४ वेळा ॲक्युपंक्चर घेतले. इथल्या आणि पुण्यातल्या मैत्रिणी सारख्या विचारत असतात, म्हणून एकदा सगळे नीट लिहून ठेवते.

माझे वय ५१, मधुमेह दहा वर्षांपासून. मागच्या उन्हाळ्यात खांदा ठणकायला लागला आणि सप्टेंबरपर्यंत ब्लाउजचे हूक लावता येईनात. वेणी घालायला लेकीला हाक मारावी लागे. रात्री त्या कुशीवर वळले की अशी कळ यायची की उठून बसायचे. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून फ्रोझन शोल्डर सांगितले. मधुमेह असलेल्यांना तो जास्त होतो. त्यांनी व्यायाम दिले आणि सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन सुचवले. त्याने काही दिवस साखर वाढते, म्हणून मी थोडे थांबायचे ठरवले. चिनी लोक या दुखण्याला 'वू-शी-ज्यान' म्हणतात, म्हणजे पन्नाशीचा खांदा. नाव ऐकूनच मला बरे वाटले. आपल्यासारख्या कितीतरी जणी असणार!

शेजारच्या आयींनी मला सरकारी चिनी वैद्यक रुग्णालयात नेले. (मावशीच्या वयाच्या बाईला इथे 'आयी' म्हणतात, आणि मला पहिल्या दिवसापासून ते आपलेच वाटते.) तिथे दहा वेळांचा एक टप्पा धरतात. आठवड्यातून दोनदा जायचे, सुया टोचल्यावर वीस-पंचवीस मिनिटे पडून राहायचे. सगळे मिळून दर वेळी १५० युआनच्या आसपास खर्च आला.

सुईची भीती मलाही होती. पण ही सुई पाव मिलिमीटर जाडीची, भरीव, टोचल्याचे जेमतेम कळते. कळते ते नंतर. डॉक्टरीणबाई सुई हळूच फिरवतात आणि आत खोलवर जडपणा, मुंग्या, ताणल्यासारखे काहीतरी पसरत जाते. याला त्या 'द-छी' म्हणतात आणि ते आले का, हे प्रत्येक सुईला विचारतात. खांद्याभोवती ठरलेल्या तीन जागा, एक हाताच्या अंगठ्याजवळ. सगळ्यात नवल वाटले ते पायाच्या सुईचे. गुडघा आणि घोटा यांच्या मधोमध, नडगीच्या बाहेरच्या बाजूला एक लांब सुई टोचायची आणि ती आत असतानाच मला हात वर-खाली करायला लावायच्या. पहिल्याच दिवशी हात वितभर जास्त वर गेला. लक्ष पायाकडे वळल्यामुळे गेला असेल, नाहीतर आणखी कशामुळे, पण गेला खरा. संध्याकाळपर्यंत पुन्हा आखडला, हेही तितकेच खरे.

आता शेकाबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त गुण त्याचा आला असे वाटते. चिनी भाषेत या उपचाराचे नावच 'जन-जिऊ' आहे. जन म्हणजे सुई आणि जिऊ म्हणजे औषधी पाला जाळून दिलेली ऊब. २०१० साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेली तीही ही जोडीच. टोचलेल्या सुईच्या मुठीवर वाळलेल्या पाल्याची लहानशी गुंडी खोचून पेटवतात, राख अंगावर पडू नये म्हणून खाली पुठ्ठा ठेवतात आणि ऊब सुईतून आत उतरत राहते. ही वनस्पती आपल्या दवण्याच्या कुळातली, जो चैत्रात जोतिबाला वाहतात. वास मात्र वेगळा, धुरकट आणि कडवट. तो केसांत दोन दिवस राहतो. ज्या दिवशी हा शेक नसे त्या दिवशी तांबड्या उजेडाचा गरम दिवा खांद्यावर लावत.

शांघायमध्ये उत्तरेकडच्या शहरांसारखी घरे तापवायची सार्वजनिक सोय नसते. जानेवारीत भिंतीसुद्धा ओलसर गार लागतात. डॉक्टरीणबाईंचे म्हणणे, सांध्यात वारा, थंडी आणि ओल शिरली आहे. ऐकताना मला आजीच आठवायची. 'गार वारा लागू देऊ नकोस,' असे म्हणत ती तव्यावर निर्गुडीचा पाला गरम करून फडक्यात बांधायची. खांद्यात वारा शिरतो असे मी मानत नाही. पण शेकल्यावर स्नायू सैल पडतात आणि तासभर दुखणे ओसरते, हे आजीलाही माहीत होते.

घरी शेकायला मी पाल्याची कांडी आणली आणि फेब्रुवारीत स्वतःला भाजून घेतले. फोनवर बोलता बोलता कांडी एकाच जागी राहिली. रुपयाएवढा फोड आला आणि भरायला तीन आठवडे लागले. ज्यांना साखर आहे त्यांनी हे मनावर घ्या. आपल्या त्वचेला चटका उशिरा कळू शकतो आणि जखम सावकाश भरते. पायांना तर घरी शेक देऊच नका. दमा असेल तर तो धूरही नको.

फरक असा पडला. पहिल्या तीन आठवड्यांत काहीच नाही, मी सोडायच्या बेतात होते. नोव्हेंबरअखेर रात्रीची झोप सलग लागायला लागली आणि माझ्यासाठी हाच सगळ्यात मोठा लाभ. जानेवारीत हात खांद्याच्या वर जाऊ लागला. मार्चमध्ये वेणी माझी मी घातली. आज हात कानापर्यंत जातो. पाठीमागे मात्र डावा अंगठा पोहोचतो तिथून उजवा अजून चार बोटे खाली राहतो.

यातले सुयांचे श्रेय किती? फ्रोझन शोल्डर बहुतेकदा एक ते तीन वर्षांत आपोआप सुटत जातो. नवऱ्याने जर्मनीतली एक मोठी चाचणी वाचायला दिली. ती कंबरदुखीची होती, ११६२ रुग्णांची, २००७ साली छापलेली. ठरलेल्या जागी सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना गुण आला, मुद्दाम भलत्या जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी २७.४ टक्क्यांना. म्हणजे जागेचे महत्त्व सांगतात तेवढे दिसत नाही, आणि तरीही माणसांना आराम पडतो. माझा अनुभव याच्याशी जुळतो. सुया आणि शेक झाल्यावर दोन-तीन तास दुखणे कमी असायचे. त्या वेळात मी भिंतीवर बोटे चढवायची, हात लोंबकळता ठेवून झुलवायचे. दुखत असताना हे व्यायाम माझ्याने कधीच झाले नसते. खांदा सुटला तो त्या व्यायामांनी, असे माझे मत आहे. या काळात साखरही आटोक्यात आली, पण ती चालण्याने आणि भात कमी केल्याने. सुयांनी साखर उतरते असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका, गोळ्या बंद करू नका.

कपिंग, म्हणजे पाठीवर पेले चिकटवून कातडी आत ओढून घेणे, दोनदा केले. पाठीवर आठवडाभर जांभळे डाग आणि फायदा दोन दिवसांचा, म्हणून सोडले. काढे मी नाकारले, कारण माझ्या गोळ्यांबरोबर ते चालतील का, हे मला खात्रीने कळेना.

एकदा शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी मी कुठची ते विचारले. भारत म्हटल्यावर ते उजळून म्हणाले, 'के दीहुआ!' युद्धात चीनच्या मदतीला भारतातून आलेल्या डॉक्टरांच्या पथकातल्या, आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे हे चिनी नाव. १९४२ साली चीनमध्येच वारलेल्या त्या माणसाची ओळख माझ्या अंगात सुया असताना मिळावी, याने मला भरून आले. त्यांच्याच पथकातले डॉ. बसू पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केले.

पुण्यातल्या मैत्रिणींसाठी दोन गोष्टी. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, तेव्हा नोंदणी आहे का ते बेधडक विचारा. सुईचे पाकीट तुमच्या डोळ्यांदेखत फोडले पाहिजे आणि सुई एकदाच वापरली पाहिजे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. मान आणि खांदा यांच्या मधल्या उंचवट्यावर खोल टोचलेली सुई फुप्फुसापर्यंत जाऊ शकते, म्हणून शिकाऊ हातात तो भाग देऊ नका.

जूनपासून सुया बंद करते आहे. व्यायाम रोज सकाळी चालूच राहतील, चार बोटे अजून बाकी आहेत.