रिव्हॉल्वरच्या फोरसाइटला ३० रुपयांचं नेलपॉलिश

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो, आता घाटंजी तालुक्यात शेती. घर शेतातच, गावापासून दोन किलोमीटर. परवान्यावरचं ३२ बोअरचं कानपुरी रिव्हॉल्वर आहे. ते डुकरांसाठी नाही, हे आधीच सांगतो. डुकरांसाठी फटाके अन् कुंपण.

अडचण डोळ्यांची. पंचावन्नी ओलांडली अन् हात लांब केला की फोरसाइट, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा दांडा, दिसेनाशी झाली. मागच्या काळ्या खाचेत काळा दांडा, पुढे काळं टार्गेट. एवढ्याशा हत्यारात चूक खपतही नाही. खाचेपासून फोरसाइटपर्यंत पट्टीनं मोजलं, १२ सेंटिमीटर भरलं. म्हणजे फोरसाइट एक मिलिमीटर सरकली की १० मीटरवर गोळी आठ सेंटिमीटर बाजूला.

नागपूरला एका दुकानात गेलो तर पोरगा म्हणे, “काका, लेझर लावा.” साडेचार हजार. म्हटलं, बाहेर उन्हात दाखव. समोरच्या भिंतीवरचा ठिपका त्यालाही सापडेना, मलेही नाही. मग त्यानं ट्रिटियम या किरणोत्सर्गी वायूच्या साइट मोबाइलवर दाखवल्या. चीज चांगली आहे, बॅटरीशिवाय अंधारात चमकते. सव्वाबारा वर्षांत तेज निम्म्यावर येतं, तेही चालेल. पण ती ग्लॉकसारख्या, साइट काढता-बसवता येणाऱ्या पिस्तुलांसाठी. माझी फोरसाइट नळीवर पक्की अन् मागची खाच वरच्या पट्टीतच कोरलेली. तिथे कानस लावू द्यायची माझी तयारी नव्हती.

घरी आलो अन् नंबरप्लेटवाल्याकडून रेडियमचा तुकडा आणून चिकटवला. ट्रॉलीच्या मागे लावतो तोच. इथे फसलो. रेडियम उजेड जिकडून येतो तिकडेच परत फेकतं. टॉर्च डाव्या हातात बाजूला धरली की माझ्या डोळ्याला काहीच नाही. वरून तेलानं आठवड्यात सुटलंही. अंधारात चमकणारा रंग लावला तर तो उजेड पिऊन चमकणारा. कव्हरमध्ये तास-दोन तास राहिला की विझल्यासारखा.

शेवटी मंगळवारच्या बाजारात बांगड्यांच्या दुकानावर पांढरं अन् भडक नारिंगी नेलपॉलिश मागितलं. बाई म्हणाली, “काकूसाठी का जी? नारिंगी नाही शोभत वयाले, मरून न्या.” मी नारिंगीच घेतलं. दोन बाटल्या, ३० रुपये.

लावायची रीत महत्त्वाची. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात, मग सिलिंडर दोनदा तपासायचा. फोरसाइट स्पिरिटनं पुसून कोरडी करायची, तेलाचा अंशही नको. आधी पांढऱ्याचे दोन पातळ थर, वाळल्यावर नारिंगी. पांढरं खाली नसलं तर काळ्यावर नारिंगी मळकट विटकरी दिसतं. मी आधी तेच केलं होतं. ब्रश मोठा पडतो, दात कोरायच्या काडीनं लावा. फक्त आपल्याकडची बाजू रंगवायची. वरच्या कडेवर थेंब चढला की उंचीचा अंदाज बिघडतो. मागची खाच काळीच राहू द्या, नाहीतर डोळा दोन्हीकडे धावतो.

वर्षभर झालं. सकाळ-संध्याकाळच्या उजेडात नजर आपोआप नारिंगीवर जाते. रेंजवर १० मीटरवरून १२ गोळ्या झाडल्या, नऊ जेवणाच्या ताटाएवढ्या गोलात. रंगाआधी पाच-सहा जायच्या. साफसफाईचं सॉल्व्हंट मात्र त्याला खातं. चौथ्या महिन्यात कोपरा गेला, परत लावला. अन् काळ्याकुट्ट रात्री नेलपॉलिश काही कामाचं नाही. तिथे टॉर्चच पाहिजे, समोर चोर आहे की रात्रपाळीचा मोटर चालू करायला आलेला गडी, ते आधी कळायला.

पाचपैकी साडेतीन. उरलेला दीड चष्म्यानं दिला. वाचायचा चष्मा जवळच्या कागदासाठी असतो. लांबवलेल्या हाताच्या टोकाला तोही कामाचा नाही. डोळ्यापासून फोरसाइटपर्यंतचं अंतर घरी टेपनं मोजून नेलं, ६८ सेंटिमीटर, अन् चष्मेवाल्याला म्हटलं, एवढ्यावर स्पष्ट दिसलं पाहिजे, पुढचं पुसट चालेल. त्यानं विचारलं, “कॉम्प्युटरवर बसता का जी?” हाव म्हटलं.