पॅनेलवर 'एम्प्टी' दिसलं म्हणून पैसे मोजू नका

१,३८६ डॉलर. एवढे पैसे देऊन आम्ही मोटरहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, सांडपाण्याच्या टँकचे सेन्सर 'अपग्रेड' करून घेतले. काम करणाऱ्या मेकॅनिकने प्रत्यक्षात काय केलं, तर दोन वायरी कापल्या. नवे सेन्सर नाहीत, नवं पॅनेल नाही, काही नाही. अजून ते आठवलं की डोकं तापतं, म्हणून हे सगळं आकड्यांसकट लिहून ठेवतेय.

कॅलिफोर्नियातल्या आपल्या बऱ्याच मराठी मंडळींनी गेल्या काही वर्षांत जुनी मोटरहोम घेतली आहे. २०२१ साली अमेरिकेत सहा लाखांच्या घरात आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाड्या, कारखान्यांतून बाहेर पडल्या. त्यातल्या कितीतरी आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे फिरतायत आणि त्यांच्या मागोमाग घरी येऊन दुरुस्ती करणारे हे फिरते मेकॅनिकही उगवलेत. त्यात चांगले लोक नक्की आहेत. आमच्या वाट्याला आला तो चोर होता.

ज्यांच्याकडे मोटरहोम आहे त्यांना दुखणं सांगायला नको. ब्लॅक टँक (संडासाचा) रिकामा करून, पाणी मारून आलं तरी टँक किती भरलाय ते दाखवणाऱ्या पॅनेलवरचा दिवा 'फुल'. ग्रे टँक (भांडी-अंघोळीच्या सांडपाण्याचा) कायम दोन तृतीयांश. कारण साधं आहे. टँकच्या भिंतीला खालपासून वरपर्यंत ठरावीक उंचीवर स्टीलचे बोल्ट रबरी बुचातून आत घातलेले असतात, त्यांना प्रोब म्हणतात. पाणी त्या उंचीला पोचलं की त्यातून किंचित वीज वाहते आणि पॅनेलवर तेवढा दिवा लागतो. संडासाच्या टँकमध्ये त्या बोल्टांवर टॉयलेट पेपर आणि घाण चिकटते, ग्रे टँकमध्ये तेल आणि साबणाचा ओला थर बसतो. मग टँक रिकामा असला तरी त्या थरातूनच वीज वाहत राहते आणि पॅनेलला वाटतं टँक भरलाय. हे आम्हाला माहीत होतं. आम्ही दोघंही इंजिनिअर आहोत, अडाणीपणाने फसलो असं कोणी समजू नये. बर्फाचे खडे टाकून गाडी फिरवून झाली, वॉटर सॉफ्टनर आणि डिटर्जंट घालून रात्रभर ठेवून झालं. थोडे दिवस बरं वाटायचं, पुन्हा जैसे थे.

तेवढ्यात साताऱ्याहून सासू-सासरे येणार होते आणि त्यांना डेथ व्हॅली दाखवायची ठरली होती. घरात वयस्कर माणसं असताना संडासाच्या टँकचा अंदाज लावत बसायचं नाही, एकदाचं नीट करून घ्यायचं म्हणून मेकॅनिक शोधला. जिथे आमची गाडी उभी असते त्या स्टोरेज यार्डातल्या एका शेजाऱ्याने नंबर दिला. ऑनलाइन रिव्ह्यूही चांगले होते. (त्या शेजाऱ्याचंही काम त्याने असंच केलं होतं हे नंतर कळलं. त्याने तोवर टँक भरेपर्यंत गाडी वापरलीच नव्हती. 'नुकतंच काम करून घेतलंय' असं म्हणणाऱ्याची शिफारस घेऊ नका, त्यानंतर गाडी वापरली का ते विचारा.)

बिल जसंच्या तसं देते. येण्याची आणि तपासणीची फी १४९. ब्लॅक टँकची 'डीप क्लीनिंग' ३९५. सेन्सर अपग्रेड, दोन टँक, प्रत्येकी २८५ प्रमाणे ५७०. नवं मॉनिटर पॅनेल २१२. आणि 'बायोहझार्ड डिस्पोजल' म्हणून ६०. एकूण १,३८६. क्रेडिट कार्डाने द्यायचे तर वर तीन टक्के, झेलने (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय) दिले तर नाही. आम्ही झेल केलं. ही तीन टक्क्यांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

त्याचं बोलणं एकदम मुद्देसूद होतं. जुने प्रोब काढणार, त्याजागी लांब शेपटीचे नवे घालणार, म्हणजे त्यावर घाण धरणार नाही. असे प्रोब बाजारात खरोखर मिळतात, त्यामुळे शंका घ्यायला जागाच नव्हती. संडासातून टँकमध्ये पाण्याची नळी सोडून त्याने बराच वेळ पाणी मारलं, तेवढं आमच्या डोळ्यांसमोर झालं. मग तो गाडीखाली गेला. पाऊण तासाने बाहेर आला, आम्हाला आत बोलावलं आणि पॅनेलचं बटण दाबलं. ब्लॅक : एम्प्टी. ग्रे : एम्प्टी. गाडी घेतल्यापासून तो दिवा आम्ही कधी पाहिलाच नव्हता. नवऱ्याने तिथल्या तिथे पैसे पाठवले.

आता तो क्षण सांगते, जो माझ्या डोक्यातून जात नाही. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात निळे रबरी हातमोजे होते आणि ते स्वच्छ होते. नुसते स्वच्छ नाही, बोटांच्या टोकांना अजून पांढरी पावडर दिसत होती. ज्या टँकमध्ये वर्षानुवर्षं मैला साठलाय, त्याच्या भिंतीतून तुम्ही बोल्ट उपसून काढता. टँक कितीही धुतला असला तरी भोकातून काहीतरी गळणारच, हात बरबटणारच, वास येणारच. याच्या हाताला वास नाही, बाहीवर थेंब नाही, गाडीखालच्या काँक्रीटवर ओला डागसुद्धा नाही. आणि काढलेले जुने प्रोब कुठे होते? मी ते हातमोजे पाहिले. अगदी समोरून पाहिले. मला वाटलं, बाहेर येताना बदलले असतील, माणूस स्वच्छ काम करणारा दिसतोय. कोणालाही हेच वाटलं असतं. आपण घरी आलेल्या कारागिराचे हात हुंगून बघत नाही. आणि सबंध आयुष्य 'फुल' दाखवणारं पॅनेल समोर 'एम्प्टी' दाखवत असताना कोण हातमोज्यांचा विचार करतं? नेमकं हेच त्याला पक्कं ठाऊक होतं आणि त्याचाच धंदा तो करतो.

टँक भरून दाखवायला सांगा. रिकामा दाखवणं म्हणजे काहीच नाही. होज लावून पाणी भरा आणि एक तृतीयांश, दोन तृतीयांश, फुल असे दिवे एकेक करून लागताना बघा. तासभर जाईल, जाऊ दे. भरून दाखवायला जो तयार नाही त्याला दमडी देऊ नका.

डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीकच्या कॅम्पग्राउंडवर मुक्काम होता. संध्याकाळी स्वयंपाक, भांडी, सगळ्यांच्या अंघोळी. प्रत्येक वेळी मी बटण दाबून बघत होते, ग्रे एम्प्टी. सासूबाईंना मीच सांगितलं, "आई, खुशाल अंघोळ करा, टँक रिकामा आहे." थोड्या वेळाने आतून हाक आली, "अगं, हे पाणी खाली जायच्याऐवजी वर येतंय." दार उघडलं तर त्या टॉवेल गुंडाळून कोपऱ्यात अंग चोरून उभ्या, आणि शॉवरच्या जाळीतून भांड्यांचं खरकटं पाणी वर येतंय. वरणाचं पिवळट पाणी, त्यावर साबणाचा फेस, फेसात भाताची शितं, आणि हे सगळं त्यांच्या घोट्यापर्यंत. ग्रे टँक तुडुंब भरला की पाणी सगळ्यात खालच्या तोंडातून मागे येतं, आणि ते तोंड बहुतेक मोटरहोममध्ये शॉवरचं असतं. मी पळत जाऊन बटण दाबलं. एम्प्टी.

त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. राष्ट्रीय उद्यानात हे पाणी जमिनीवर सोडता येत नाही, दंड होतो, त्यामुळे शॉवरमधलं पाणी मगाने बादलीत भरत बसलो. मग नवऱ्याने टॉर्च घेऊन संडासाच्या नळीतून खाली पाहिलं. ब्लॅक टँकही काठोकाठ आला होता. पॅनेल तिथेही एम्प्टीच म्हणत होतं. अंधारात सगळं आवरून गाडी डम्प स्टेशनला, म्हणजे टँक रिकामे करायच्या जागी, नेली. सत्तरी उलटलेले सासरे बाहेर थंडीत टॉर्च धरून उभे होते. हे मी त्या माणसाला कधीच माफ करणार नाही.

परत आल्यावर गाडी एका नीट वर्कशॉपमध्ये दाखवली. तिथल्या मेकॅनिकने आधी आम्हाला गाडीच्या पोटाखाली बघायला लावलं. टँक झाकणारा प्लास्टिकचा काळा पत्रा खाली उतरवल्याशिवाय आमच्या गाडीत प्रोबला हातच पोचत नाही. त्या पत्र्याच्या स्क्रूंवर जुना चिखल वाळून दगड झाला होता, खाचांमध्येसुद्धा भरला होता. त्या स्क्रूंना कित्येक वर्षांत कोणी पाना लावलेला नव्हता. मग त्याने आतलं पॅनेल उघडलं. ब्लॅक आणि ग्रेच्या वायरी मागे कापलेल्या, टोकांना काळी टेप. पॅनेल जुनंच, फक्त पुसून चकचकीत केलेलं. २१२ डॉलर पुसण्याचे.

यातली मेख समजून घ्या. या पॅनेलच्या सर्किटमध्ये वायर तुटली की वीज वाहत नाही, आणि वीज वाहत नाही याचा अर्थ पॅनेल 'टँक रिकामा' असा लावतं. म्हणून प्रामाणिक मेकॅनिक पहिली परीक्षा हीच करतो: टँकजवळची वायर सोडवायची. दिवा एम्प्टीवर आला तर पॅनेल आणि वरची वायरिंग ठीक, दोष टँकमध्ये. पाच मिनिटांचं काम. तपासणीची ही पहिली पायरीच या माणसाने दुरुस्ती म्हणून विकली. थर्मामीटर फोडून ताप उतरला म्हणावं तसं. आधी निदान 'फुल' दिसायचं, आम्ही सावध राहायचो. त्याने धोक्याची सूचनाच बंद करून टाकली आणि वर पैसे घेतले.

फोन केला तर पहिल्यांदा म्हणाला, वायर गाडीच्या धक्क्याने तुटली असेल. टेप लावून तुटली? मग म्हणाला, येऊन बघतो, व्हिजिटचे १४९ पुन्हा द्यावे लागतील. त्यानंतर नंबर ब्लॉक.

आता दाद मागायची गोष्ट. बँकेला फोन केला. उत्तर : पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवलेत, ते 'ऑथराइज्ड' आहेत, फसवणुकीच्या दाव्यात बसत नाहीत. क्रेडिट कार्ड असतं तर १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग कायद्याच्या आधारे वाद घालता आला असता. म्हणजे त्या तीन टक्क्यांत, ४१ डॉलर ५८ सेंटमध्ये, त्याने आमचा मोठा आधार काढून घेतला. कार्ड घेत नाही किंवा झेलवर सूट देतो असं म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

पोलिसांकडे गेलो. काउंटरवरच्या माणसाने वायरींचे फोटो बघितलेसुद्धा नाहीत. "दिवाणी प्रकरण आहे." वायर मुद्दाम कापून वर टेप लावणं दिवाणी कसं? त्यावर एक छापील कागद हातात. राज्याच्या एका खात्याकडे तक्रार केली, फॉर्म भरला, बिल जोडलं, फोटो जोडले, वर्कशॉपचं पत्र जोडलं. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं की इंजिन-ब्रेकचं काम असतं तर पाहिलं असतं, हा गाडीतल्या 'घराचा' भाग आहे. घराचं बघणाऱ्या खात्याने सांगितलं, ही तर गाडी आहे. मोटरहोम गाडीही नाही आणि घरही नाही, मग रजिस्ट्रेशन आणि टॅक्स घेताना ते नेमकं काय असतं? फोनवर प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं, आणि शेवटी प्रत्येक जण त्याच वेबसाइटचा पत्ता देणार, जिथे आम्ही आधीच फॉर्म भरलाय. एकीने तर विचारलं, "पण मॅडम, तुमची गाडी चालतेय ना?" एवढ्या खात्यांच्या एवढ्या माणसांत एकालाही त्या भामट्याला साधा फोन करावासा वाटला नाही.

स्मॉल क्लेम्स कोर्टात कॅलिफोर्नियात माणसाला १२,५०० डॉलरपर्यंत दावा लावता येतो, वकील लागत नाही. ते आम्हाला माहीत होतं. पण समन्स बजावायला प्रतिवादीचा पत्ता लागतो. बिलावर त्याची फक्त पोस्टाची पेटी आणि तो बंद झालेला नंबर. काम सुरू करण्याआधी परवान्याचा नंबर, राहता किंवा दुकानाचा पत्ता आणि गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो घ्या. त्याला राग आला तर येऊ दे. आणि जुने भाग परत मागा. कॅलिफोर्नियात वाहनदुरुस्तीच्या कायद्यात बदललेले भाग परत मागण्याचा हक्क आहे, फक्त तो काम देतानाच मागावा लागतो. 'घराच्या' भागाला तो लागू नाही असं कोणी म्हणालं तरी मागून बघा. ते घाणेरडे प्रोब पिशवीत घालून द्यायला सांगितले असते तर त्याचं पितळ तिथेच उघडं पडलं असतं.

वर्कशॉपमध्ये शेवटी १,०४२ डॉलर देऊन स्वच्छ पाण्याचा धरून तिन्ही टँकना 'सी-लेव्हल' नावाचे सेन्सर बसवून घेतले. ही कॅनडाच्या गार्नेट कंपनीची पट्टी टँकच्या बाहेरून चिकटते, आत काहीच जात नाही, त्यामुळे प्रोबसारखी घाण धरायला जागा राहत नाही. पॅनेलवर दिव्यांऐवजी टक्के दिसतात. पट्टी टँकच्या उंचीप्रमाणे कापता येते, जवळपास धातू मात्र नको, रीडिंग बिघडतं. त्यांनी आमच्यासमोर पाणी भरून आकडा चढताना दाखवला, पट्टी लावतानाचे फोटो दिले आणि मगच कार्ड स्वाइप केलं. टँकला हात पोचत असेल तर हे घरीही जमण्यासारखं आहे.

त्याची जाहिरात आता दुसऱ्या नावाने आणि दुसऱ्या नंबरने पुन्हा चालू आहे, फोटो तेच आहेत. सेन्सरचं 'अपग्रेड' सांगणारा, १४९ डॉलर व्हिजिट फी घेणारा, झेल मागणारा कोणी तुमच्या यार्डात आला आणि काम झालं म्हणाला, तर पैसे देण्याआधी गाडीखाली वाका आणि पत्र्याचे स्क्रू बघा. मग पॅनेलचे चार स्क्रू काढून मागे काळी टेप दिसते का ते पाहा. आमच्यासारखं कोणाचं झालं असेल तर तुमचं बिल आणि फोटो मला पाठवा. एकट्याच्या तक्रारीला ही खाती विचारत नाहीत, चार-पाच जणांची एकत्र नेऊ.