सोलापुरात जैविक खतांच्या कारखान्यासाठी मिळणारी ‘टर्नकी’ सल्ला सेवा: घ्यावी का, आणि घेतली तर कशी

सोलापूर जिल्ह्यात जैविक खतांचा, म्हणजे पिकाला अन्नद्रव्यं मिळवून देणाऱ्या जिवंत जिवाणूंच्या खतांचा, छोटा कारखाना टाकायचा म्हटलं तर गिऱ्हाईक दारातच आहे. सांगोला-पंढरपूर-मंगळवेढ्याचं डाळिंब, नान्नजची द्राक्षं, खरिपाची तूर, रब्बीचा हरभरा, वर ऊस. चिंचोळी एमआयडीसीत शेड मिळते, मायक्रोबायोलॉजी शिकलेली मुलंमुली इथल्याच कॉलेजांतून बाहेर पडतात. अडतं ते एकाच ठिकाणी: आधी असा कारखाना उभा केलेला माणूस हाताशी नसतो. मग सल्लागार येतो आणि म्हणतो, “तुम्ही फक्त जागा आणि भांडवल द्या, बाकी सगळं आमच्याकडे लागलं.” शेडचा आराखडा, यंत्रं, मदर कल्चर (ज्यापासून खत वाढवायचं ते जिवाणूंचं मूळ विरजण), परवाना, लेबल आणि कामगारांचं प्रशिक्षण अशा या एकगठ्ठा सेवेचं हे परीक्षण आहे. कोणा एकाची सेवा इथे तोललेली नाही. या धर्तीची पॅकेजं जशी विकली जातात, तशी ती तपासली आहेत.

निकाल आधीच सांगतो. आराखडा आणि परवान्याची फाइल या दोन कामांसाठी चांगल्या सल्लागाराला दिलेले पैसे वसूल होतात. कल्चर आणि गुणवत्ता तपासणी या पॅकेजमध्ये तोकडी असते. स्वतःचे हितसंबंध उघड करण्याच्या बाबतीत बहुतेक पॅकेजं नापास होतात आणि पुढचं जवळजवळ सगळं नुकसान तिथूनच सुरू होतं. डॉक्टर-वकिलांवर त्यांच्या परिषदांचा वचक असतो. या सल्लागारांवर तशी कोणतीही वैधानिक परिषद नाही, त्यांना नोंदणीही लागत नाही. त्यामुळे करारात जे लिहून घ्याल तेवढीच नीतिमत्ता तुमच्या हाती उरते.

फी कमी सांगितली तर खूश होऊ नका. ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारं भांडं), फर्मेंटर (जिवाणू वाढवायची टाकी), लॅमिनार फ्लो (गाळलेल्या हवेचं कामाचं टेबल) यांच्या पुरवठादाराकडून कमिशन येत असेल तर फी कमी ठेवणं परवडतं. हे ओळखायचं कसं? यंत्रांच्या यादीत क्षमता कुठून आली, ते विचारा. समजा तुम्हाला महिन्याला ५०० लिटर द्रवरूप खत हवं आहे. १०० लिटरच्या फर्मेंटरमध्ये साधारण ७० लिटर माध्यम, म्हणजे जिवाणूंचं पातळ खाद्य, भरता येतं. वाढीला तीन दिवस आणि धुण्या-निर्जंतुकीकरणाला एक दिवस धरला तर महिन्याला सात बॅच निघतात, म्हणजे जवळपास ४९० लिटर. सुरुवातीला एवढं पुरतं. तरीही यादीत ५०० लिटरचा फर्मेंटर आला असेल, तर त्याचं कारण लेखी मागा. मोठ्या टाकीत एक बॅच दूषित झाली की एका झटक्यात ३५० लिटर गटारात जातं, आणि नवख्या कारखान्यात पहिल्या काही बॅचेस दूषित होणारच. ऑटोक्लेव्हचं नेमकं उलटं होतं. तिथे स्वस्तातला छोटा सुचवतात आणि लिग्नाइटच्या (जिवाणू ज्यात मिसळतात त्या कोळशाच्या पुडीच्या, म्हणजे वाहकाच्या) पिशव्या त्यात कोंबाव्या लागतात. माध्यमाला १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाखाली १५ ते २० मिनिटं पुरतात, पण लिग्नाइटच्या आतपर्यंत उष्णता पोचायला तासभर लागतो. दाटीवाटीने भरल्या तर मधल्या पिशव्या कच्च्या राहतात आणि पुढे पाकिटात बुरशी धरते.

करारात एक कलम असंच्या असं घाला: “या प्रकल्पातील यंत्रं, रसायनं, पॅकिंग किंवा प्रयोगशाळा यांच्या कोणत्याही पुरवठादाराकडून सल्लागारास कमिशन, सूट वा भेट मिळत नाही, मिळत असल्यास पुरवठादाराचे नाव व टक्केवारी सोबत जोडली आहे.” कमिशन घेणं हा गुन्हा नव्हे, ते लपवणं गैर आहे. प्रामाणिक सल्लागार या कलमावर मुकाट्याने सही करतो. “आमच्यावर विश्वास नाही का?” असा प्रश्न आला तर तोच उत्तर समजा.

शेवटचा हप्ता ‘परवाना हातात आल्यावर’ ठेवण्याची पद्धत ग्राहकाला सोयीची वाटते, पण ती घातक आहे. पैसे परवान्यावरच अटकले असतील तर फाइलमधली एखादी चाचणी नापास झाली, हे सांगण्यात सल्लागाराला तोटाच आहे. हप्ता कामाला बांधा: पूर्ण फाइल दाखल झाली, आलेल्या त्रुटींना उत्तरं गेली, तर पैसे द्या. आणि “साहेब आपलेच आहेत” हे वाक्य ऐकलं की बोलणी तिथेच थांबवा.

आता कल्चर. कारखान्याचा जीव यातच आहे आणि पॅकेजमध्ये सगळ्यात कमी बोललं जातं तेही यावरच. सल्लागार एक स्लँट (जिवाणू वाढवलेली काचेची नळी) आणून देतो, वर मार्करने ‘पीएसबी-१’ (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) लिहिलेलं असतं. ते आलं कुठून? पुण्यात एनसीआयएम आणि एनसीएमआर, चंदिगडला एमटीसीसी, उत्तर प्रदेशात मऊ इथे एनएआयएमसीसी असे सूक्ष्मजीवांचे मान्यताप्राप्त संग्रह आहेत. तिथून घेतलेल्या प्रत्येक कल्चरला क्रमांक असतो, बिल असतं, वापराच्या अटी असतात. व्यावसायिक वापराला वेगळी परवानगी लागते का, हे त्या अटींतच बघावं लागतं. क्रमांक नसलेलं कल्चर बहुधा दुसऱ्या ग्राहकाच्या फ्रीजमधून आलेलं असतं. आज त्याचं तुमच्याकडे आलं, उद्या तुमचं तिसऱ्याकडे जाईल. सांगोल्याच्या एखाद्या बागेतल्या मातीतून स्वतः वेगळं केलेलं कल्चर असेल तर जैवविविधता कायदा, २००२ लागू होतो आणि नागपूरच्या महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाशी संबंध येतो. कंपनी परदेशी नियंत्रणाखालची असेल किंवा कल्चर देशाबाहेर जाणार असेल तर विषय चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जातो. सल्लागाराने हे पहिल्याच बैठकीत, विचारल्याशिवाय सांगायला हवं.

कल्चरची ओळख हा नुसता कागदोपत्री मामला नाही. तुरीच्या मुळांवर गाठी आणून हवेतला नत्र पिकाला देणारा रायझोबियम जिवाणू चवळी गटातला, हरभऱ्याचा वेगळा. हरभऱ्याचं कल्चर तुरीच्या पाकिटात भरलं तर जिवाणूंची संख्या उत्तम येईल, प्रयोगशाळा पास करील आणि शेतकऱ्याच्या तुरीला गाठ धरणार नाही. म्हणून संख्येबरोबर कुंडीतली गाठींची चाचणी मागा. खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्येही ती अपेक्षित आहे.

त्याच आदेशातले संख्येचे आकडे असे: वाहकावरच्या खतात दर ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत पेशी, द्रवरूपात दर मिलिलिटरला १० कोटी, आणि एक लाख पट विरल केलेल्या नमुन्यात बाहेरचा एकही जीव दिसता कामा नये. स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंसाठी प्लेटवर किमान ५ मिलिमीटरचं स्वच्छ वलय दिसायला हवं. सल्लागाराच्या प्रयोगशाळेचा अहवाल हाती आला की शेवटचा आकडा बघण्याआधी त्यामागचा हिशेब बघा. एक लाख पट विरल केलेल्या नमुन्यातला ०.१ मिलि प्लेटवर पसरला आणि ५० कॉलन्या (एकेका पेशीपासून वाढलेले ठिपके) आल्या, तर ५० गुणिले एक लाख गुणिले दहा म्हणजे बरोबर ५ कोटी. माध्यम कोणतं, विरलन किती, प्लेट किती, प्रत्येकीवर कॉलन्या किती, हे चारही अहवालात पाहिजे. ३० पेक्षा कमी किंवा ३०० पेक्षा जास्त कॉलन्यांची प्लेट हिशेबात धरत नाहीत. नुसतं ‘पास’ लिहिलेल्या कागदाला रद्दीचा भाव.

सल्लागार स्वतःच तपासणीही करत असेल तर एक साधी परीक्षा घ्या. एकाच बॅचचे दोन नमुने वेगवेगळ्या सांकेतिक क्रमांकांनी पाठवा. तिसरा नमुना १२१ अंशांवर २० मिनिटं ठेवून पूर्ण मारा आणि तोही तसाच पाठवा. मेलेल्या नमुन्यात १० कोटी पेशी सापडल्या, तर त्या प्रयोगशाळेबद्दल वेगळं काही विचारायची गरज नाही. खर्च दोन जादा चाचण्यांचा, आणि या संपूर्ण व्यवहारात इतका उपयोगी दुसरा खर्च नाही. नियमित तपासणी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या, सल्लागाराशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेतच करा.

यात सोलापूरची म्हणून एक खास अडचण आहे. टाकीतून काढल्या दिवशी केलेली मोजणी छानच येते. तेच पाकीट मे महिन्यात पत्र्याच्या गोडाऊनमध्ये पडतं, बाहेर पारा ४० च्या वर, आत त्याहून जास्त. पेशी भराभर मरतात आणि मृगाच्या तोंडावर शेतकरी पैसे देऊन घेतो ती नुसती लिग्नाइटची पूड. लेबलवरची मुदत ठरवण्याआधी सल्लागाराने ३० आणि ४० अंशांवर नमुने ठेवून दर महिन्याची मोजणी दाखवली पाहिजे. थंड हवेच्या गावातल्या कारखान्याची मुदत इथे जशीच्या तशी चिकटवून देणं ही फसवणूक आहे, मग ती आळसापोटी का असेना. प्रत्येक बॅचचा राखीव नमुना मुदत संपेपर्यंत कारखान्यात राहिलाच पाहिजे.

लेबलच्या बाबतीत सल्लागाराची खरी कसोटी लागते. ट्रायकोडर्मा ही बुरशी किंवा स्युडोमोनास हा जिवाणू ‘मर रोगावर’ म्हणून विकायचा असेल तर ते कीटकनाशक कायदा, १९६८ खाली येतं. फरिदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीकडे नोंदणी करावी लागते. ट्रायकोडर्माला दर ग्रॅम किमान २० लाखांची संख्या, शिवाय विषारीपणाच्या चाचण्या आणि शेतातले प्रयोग. यात वेळ जातो, पैसा लागतो. मग काही सल्लागार पळवाट शिकवतात: पाकिटावर ‘भूसुधारक’ छापा, रोगाचं नाव काढू नका, काय ते सेल्समन तोंडी सांगेल. डाळिंबाची मर झपाट्याने पसरते. शेतकरी भरवशावर महिना घालवतो आणि तोवर शेजारची झाडंही जातात. कायद्याची भाषा सांभाळून केलेलं हे पाप आहे, आणि असा सल्ला देणाऱ्याला कितीही तांत्रिक ज्ञान असलं तरी दारात उभं करू नये.

त्याहून वाईट म्हणजे जैविक उत्पादनात ‘रिझल्ट लगेच दिसावा’ म्हणून रासायनिक औषधाचा शिडकावा. बायोस्टिम्युलंटचे (पिकाची वाढ चेतवणाऱ्या उत्पादनांचे) नियम २०२१ मध्ये खत आदेशात आले, त्यात कीटकनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमच्या वर चालत नाही. युरोपला माल पाठवणाऱ्या द्राक्ष-डाळिंब बागायतदाराचा कंटेनर अशा ‘सेंद्रिय’ बाटलीमुळे अडकू शकतो, आणि फवारणीच्या नोंदीत तर त्या औषधाचं नावही नसतं. फॉर्म्युलेशन सल्लागाराने दिलं असेल तर पहिल्या बॅचची रेसिड्यू (औषधाच्या अंशाची) तपासणी त्याच्या खर्चाने, असं करारात ठेवा.

गुप्ततेचं थोडक्यात: याच जिल्ह्यात त्याच उत्पादनाचे सल्लागाराचे आणखी कोण ग्राहक आहेत, ते आधी विचारा. नावं सांगता येत नसतील तर निदान संख्या आणि उत्पादन तरी सांगायला हवं. प्राध्यापक सल्लागार असेल तर संस्थेची लेखी परवानगी बघा. बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेच्या ५० लाखांपर्यंतच्या ‘बिग’ अनुदानासाठी अर्ज लिहून देणारी व्यक्ती त्याच अर्जांच्या छाननीत बसत असेल, तर तिने एक जागा सोडली पाहिजे.

पॅकेज एकगठ्ठा घेऊ नका, तोडून घ्या. आराखडा एकाकडून, यंत्रांची खरेदी स्वतः तीन कोटेशनं मागवून, कल्चर थेट संग्रहाकडून, तपासणी तिसऱ्याकडून. थोडं महाग पडेल, दोन-तीन महिने जास्त लागतील, पण चूक कुणाची हे कळायला वाव राहतो. बॅचच्या नोंदवह्या, कल्चरची बिलं, परवान्याच्या पोर्टलचा पासवर्ड आणि नोंदणीतला मोबाइल नंबर पहिल्या दिवसापासून कारखान्याच्या नावावर ठेवा. सल्लागाराच्या नंबरवर ओटीपी जात असेल तर नूतनीकरणाच्या वेळी तो मागेल ती फी द्यावी लागते.