1966ची बीटल 1300: काही महिने रोज चालवल्यानंतर

जुनी गाडी घ्यायची ती चालवायला, झाकून ठेवायला नाही, हे आधीपासूनच ठरलेलं होतं. त्यामुळे फोक्सवॅगन बीटल 1300, मॉडेल 1966, दारात आल्यापासून जवळजवळ रोज रस्त्यावर आहे. गर्दीत, पावसात, भर उन्हात, लांबच्या पल्ल्यालाही. आता तिच्याबद्दल लिहिण्याइतका अनुभव गाठीशी आहे. मत आधीच सांगून टाकते: चालवायला इतकी आनंदाची गाडी मी दुसरी चालवलेली नाही. फक्त वेळ हाताशी हवा. तिच्याकडे लक्ष द्यायला हवाच, पण तिच्याकडे बघणाऱ्यांशी बोलायलाही हवा. या दुसऱ्या वेळेचा विचार गाडी घेताना फारसा कुणी करत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

महागड्या स्पोर्ट्स गाडीकडे लोक लांबून बघतात. बीटल दिसली की लोक चालत जवळ येतात. आणि आल्यावर पहिलं वाक्य गाडीबद्दल नसतंच, ते स्वतःबद्दल असतं. मामांकडे होती, पांढरी. मी हिच्यावरच शिकलो. लहानपणी आम्हा भावंडांना मागच्या सीटच्या पाठीमागे सामानाचा खड्डा असतो ना, त्यात बसवायचे. याचं कारण सरळ आहे. 17 फेब्रुवारी 1972 रोजी बीटलने फोर्ड मॉडेल टीचा सर्वाधिक गाड्या बनण्याचा विक्रम मोडला, तेव्हा 1,50,07,034वी गाडी कारखान्यातून बाहेर पडली होती. मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या कारखान्यात 30 जुलै 2003 रोजी शेवटची गाडी बनली तेव्हा एकूण आकडा 2,15,29,464 झाला होता. एवढ्या गाड्या जगभर फिरल्या म्हटल्यावर ज्याच्या-त्याच्या आठवणीत एक तरी बीटल असणारच. म्हणजे हिच्याकडे वळणाऱ्या नजरा दुर्मीळ वस्तू बघायला मिळाली म्हणून वळत नाहीत, ओळखीचं माणूस भेटावं तशा वळतात. हे एकदा ध्यानात आलं की थांबून ऐकणं जड जात नाही. मला तर आता तो या गाडीच्या वापरातलाच एक भाग वाटतो.

पेट्रोल पंपावर हे सगळ्यात जास्त होतं. या मॉडेलला पेट्रोलचं झाकण बाहेर नाही, पुढचं बॉनेट उघडल्यावर आत आहे. बॉनेट वर गेलं की आत स्टेपनी, टाकी आणि सामानाची जागा. मग हमखास प्रश्न येतो, इंजिन कुठंय? मागे आहे म्हटलं की सगळे मागे जातात. एकदा टाकी भरून होत आली होती, तेव्हा सत्तरीच्या पुढच्या एक बाई शेजारच्या गाडीतून उतरून आल्या. दाराच्या हँडलवरून त्यांनी हात फिरवला आणि विचारलं, "तुझी का गं ही?" हो म्हटलं, तर म्हणाल्या, "मी बसू का जरा?" "बसा ना काकू," म्हणून दार उघडून दिलं. त्या बसल्या, क्लच दाबला आणि न विचारता, न बघता गिअरचा दांडा खाली दाबून डावीकडे आणि मागे घेतला. रिव्हर्स. बीटलचा रिव्हर्स असाच पडतो, दांडा खाली दाबल्याशिवाय जात नाही, आणि नवख्या माणसाला तो सांगावा लागतो. त्यांना सांगावा लागला नाही. "अजून हाताला आठवतंय," एवढंच म्हणाल्या आणि मग बराच वेळ नुसत्या स्टिअरिंग धरून बसल्या. मागे रांग होती, पण हॉर्न कुणी वाजवला नाही.

या कौतुकाची एक बाजू मात्र धोक्याची आहे. चालत्या रस्त्यावर शेजारची गाडी वेग कमी करून आपल्या बरोबरीने येते, काच खाली होते आणि मोबाइल बाहेर येतो. फोटो काढणाऱ्याचं लक्ष पुढच्या रस्त्यावर नसतं. शिवाय तो नेमका आपल्या आरशात न दिसणाऱ्या जागी रेंगाळतो. अशा वेळी मी हात हलवते, हसते आणि वेग थोडा कमी करून त्याला पुढे जाऊ देते. शर्यत लावायची नाही, रागवायचं नाही, पण त्याला बाजूला चिकटून राहूही द्यायचं नाही. उभ्या गाडीचे फोटो कुणी कितीही काढावेत. फक्त लहान मुलांना कुणी फूटबोर्डावर चढवत असेल तर आधीच थांबवते, कारण त्या पट्टीला मुलाचं वजन पेलेलच याची खात्री नसते.

आता चालवण्याबद्दल. थंड इंजिन सुरू करताना अ‍ॅक्सिलरेटर एकदा तळापर्यंत दाबून सोडायचा, मग चावी फिरवायची. तेवढ्याने ऑटोमॅटिक चोक (थंड इंजिनाला पेट्रोल जास्त मिळावं म्हणून असलेली झडप) लागतो. 6 व्होल्टचा स्टार्टर नव्या गाडीसारखा झटकन फिरत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं बॅटरी उतरली, आणि तोवर इंजिन सुरू झालेलं असतं. 1285 सीसी, 40 हॉर्सपॉवर. आकडा बघून नाक मुरडू नका. गाडीचं वजन 800 किलोच्या आसपास आणि इंजिनाची ओढ 2000 आरपीएमलाच पूर्ण मिळते, त्यामुळे गावातल्या वेगात ती कुठेही मागे पडत नाही. कंपनीने कमाल वेग 120 सांगितला होता. मी 75-80च्या वर नेत नाही. तेवढ्यात इंजिनाचा आवाज एका लयीत लागतो, तिकोनी काच उघडी ठेवली की वारा थेट अंगावर येतो, आणि तासभर चालवूनही मान-खांदे अवघडत नाहीत. पॉवर स्टिअरिंग नाही, पण इंजिनाचं वजन मागे असल्यामुळे स्टिअरिंग हलकं आहे. गिअर अलगद पडतात. पेट्रोल लिटरला 11-12 किलोमीटर. वयाच्या मानाने माझी काही तक्रार नाही.

दार लावणं हाही या गाडीत एक अनुभव आहे. केबिन इतकी हवाबंद आहे की सगळ्या काचा वर असताना दार नीट लागत नाही, आतली हवाच अडवते. काच दोन बोटं खाली घेतली की खट्ट करून बसतं. साठ वर्षांच्या पत्र्याचा तो आवाज मला अजून रोज आवडतो.

ब्रेक हा खरा बदल आहे. चारही चाकांना ड्रम, मदतीला बूस्टर नाही. गाडी थांबते, पण पायाला जोर लावावा लागतो आणि अंतर जास्त लागतं. म्हणून पुढे मोकळी जागा ठेवून चालवायचं. त्या जागेत कुणीतरी घुसणारच. घुसू द्यायचं आणि पुन्हा जागा करायची. सुरुवातीला याचा त्रास होतो. नंतर नजर आपोआप लांबवर जाते, दोन-तीन गाड्यांच्या पुढचा ब्रेकलाइट दिसायला लागतो. ही सवय मी आता नव्या गाडीतही मोडू शकत नाही, आणि मोडायचीही नाही.

वळणांबद्दल जरा काळजीने सांगते. मागे स्विंग अ‍ॅक्सल आहे, म्हणजे मागची चाकं आपापल्या अ‍ॅक्सलसकट वरखाली होतात आणि तेव्हा कलतात. वेग वळणात शिरण्याआधी उतरवायचा आणि वळणात अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबलेलाच ठेवायचा. मध्येच पाय उचलला तर मागचा भाग उचलला जातो, चाकं खालून आत दुमडतात आणि गाडीचं शेपूट बाहेर जायला बघतं. मोकळ्या रस्त्यावर आडवा वारा असेल किंवा मोठा ट्रक बाजूने गेला तर हलकं नाक सरकतं, स्टिअरिंग दोन्ही हातांत हवं. घाबरण्यासारखं यात काही नाही, पण नव्या गाडीची सवय घेऊन हिच्यात बसू नये.

देखभाल. लोकांना वाटतं जुनी गाडी म्हणजे सतत गॅरेज. तसं होत नाही, पण ठरलेल्या वेळी ठरलेलं काम झालंच पाहिजे. इंजिनात तेल फक्त अडीच लिटर, आणि कागदी फिल्टर नाही, खाली एक जाळी आहे. म्हणून दर 5000 किलोमीटरला तेल बदलायचं आणि जाळी धुवायची. त्याच वेळी मी टॅपेटही, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधला बारीक गॅप, बघून घेते. इंजिन पूर्ण थंड हवं, फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) 0.15 मिलिमीटरचं. टॅपेट टिकटिकत असेल तर माणसं घाबरतात. खरं तर काळजी आवाज बंद झालेल्या टॅपेटची करायची. गॅप मिटला की व्हॉल्व्ह आपल्या जागेवर पूर्ण टेकत नाही, टेकला नाही की त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही, आणि तो जळतो. बहुतेक वेळा जळतो तो तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कारण या इंजिनांत ऑइल कूलर पंख्याच्या कवचातच बसवलेला आहे आणि तिसऱ्या सिलिंडरला मिळणारी हवा त्याच्यामुळे अडते. तिथला गॅप मी सगळ्यात आधी बघते.

डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला की गाडी तिथेच बाजूला घ्यायची. हा नियम मी गाडी चालवायला मागणाऱ्या प्रत्येकाला किल्ली देण्याआधी सांगते. इतर गाड्यांत हा दिवा म्हणजे चार्जिंग होत नाही, घरी जाऊन बघू. बीटलमध्ये डायनॅमो आणि इंजिन गार करणारा पंखा एकाच दांड्यावर आहेत, आणि दोन्ही एका बेल्टवर फिरतात. बेल्ट तुटला तर पंखाही थांबला. पाणी नाही, रेडिएटर नाही, इंजिन हवेवरच जगतं. थोडं पुढे जाऊन थांबू म्हटलं तर इंजिन तापून निकामी होतं. म्हणून एक जादा बेल्ट आणि पुली खोलण्याचा पाना कायम गाडीत. पुलीच्या दोन अर्ध्यांमधले शिम, म्हणजे पातळ चकत्या, इकडचे तिकडे करून ताण जमवायचा, बस्स. हे काम रस्त्याच्या कडेला कुणालाही जमतं, आणि एकदा घरी सावकाश करून बघितलेलं असलं की वेळेला हात थरथरत नाहीत.

आणि पेट्रोल. गाडी घेतल्यावर मी सर्वांत आधी हेच काम करून घेतलं, आणि जुनी बीटल घेणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने तेच सांगेन. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल आत येतं ती पितळेची छोटी नळी नुसती ठोकून बसवलेली असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ती ढिली होते. निसटली तर पंप पेट्रोल ओतत राहतो आणि ते खाली डिस्ट्रिब्युटरच्या आसपास पडतं, जिथे ठिणगी आहे. त्या नळीला तारेने किंवा क्लॅम्पने बांधून घ्या, कापडी वेष्टणाचे जुने पाइप फेकून नवे घाला, आणि पेट्रोल फिल्टर इंजिनाच्या खणात लोंबकळत असेल तर दुसरीकडे हलवा. आग विझवायचं सिलिंडर हाताला लागेल असं ठेवा. पेट्रोलचा वास आला तर जुन्या गाडीला वास येणारच असं म्हणून सोडू नका. निरोगी बीटलला पेट्रोलचा वास येत नाही.

घेताना रंग आणि क्रोम बघून भुलू नका, ते करता येतं. मागच्या सीटखाली बॅटरी असते. तिथला गालिचा उचलून पत्र्यावर बोट दाबून बघा. बॅटरीच्या अ‍ॅसिडने तो भाग आधी खाल्ला जातो. मग दारांखालचे पोकळ पट्टे बघा, ज्यांतून हीटरची गरम हवा जाते. गाडीची मजबुती बरीचशी त्यांच्यावर असते आणि तेच आतून सडतात. बॅटरीवर झाकण आहे ना तेही बघा, नाहीतर मागे कुणी वजनदार माणूस बसला की सीटच्या स्प्रिंगा टर्मिनलला टेकू शकतात. इंजिनाचं फार मनाला लावून घेऊ नका. ते चार बोल्टांवर उतरतं आणि सुटे भाग आजही मिळतात. सडलेला पत्रा वाचवणं त्याहून कितीतरी अवघड.

गैरसोयी म्हणाल तर सीटला हेडरेस्ट नाही. बेल्ट मी स्वतंत्र बसवून घेतले आणि त्याशिवाय कुणालाही बसू देत नाही. भर दुपारी गर्दीत केबिन तापते. हीटरची हवा एक्झॉस्टच्या नळ्यांभोवतून तापून येते, त्यामुळे एक्झॉस्टचे जोड घट्ट नसतील तर धूर आत येऊ शकतो, हे तपासलेलं हवं.

रात्रीच्या प्रवासाला मी अजून तिला काढत नाही. 6 व्होल्टवर तेवढ्याच उजेडाला दुप्पट करंट लागतो, म्हणून वायरच्या प्रत्येक गंजक्या जोडावर उजेड गळतो. अर्थिंगचे जोड घासून साफ केले तेव्हा फरक लगेच दिसला. आता हेडलाइटला रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घालून बॅटरीपासून थेट जाड वायर ओढायची आहे. सगळी वायरिंग 12 व्होल्टची करून टाक असं बऱ्याच जणांनी सुचवलं. ते सोयीचं आहे हे मलाही पटतं, पण डायनॅमो, वायपर, स्टार्टर सगळं मूळचं आणि चालू स्थितीत असताना ते काढायला मन होत नाही. आधी रिले लावून बघते, आणि उजेड किती वाढला ते इथेच खाली लिहीन.